खांदा बदलायचं ऑपरेशन शिकायचंय? सांगली-साताऱ्यात प्रॅक्टिस सांभाळून कसं शिकायचं ते सांगतो

"डॉक्टर, भाकरी थापता येतीया, पण केसाला हात पुरंना." तासगावकडच्या एक आज्जी ओपीडीला आल्या होत्या, वय सत्तरीच्या पुढं. उजवा हात ताटापर्यंत ठीक, त्याच्यावर न्यायचा म्हटलं की डाव्या हातानं कोपर धरून ढकलायचा. एक्सरेत ह्युमरसचं, म्हणजे दंडाच्या हाडाचं, डोकं वर सरकून ॲक्रोमियनला, खांद्याच्या छपरासारख्या हाडाला, टेकलेलं, इतकं की ॲक्रोमियन खालून घासून वाटीसारखा झालेला. रोटेटर कफ, म्हणजे सांध्याभोवतीचे हात उचलणारे-फिरवणारे स्नायू, जाऊन बरीच वर्षं झालेली. असे खांदे आपल्याकडं आधीही यायचे, द्राक्षबागेत वर्षानुवर्षं हात वर करून काम केलेले, डोक्यावर बिंडे वाहिलेले, आणि आपण काय करायचो तर गोळ्या, शेक, एखादं इंजेक्शन आणि शेवटी "पुण्याला दाखवून या". पुण्याला जायचं म्हणजे मुलाची रजा, गाडी, राहायची सोय. बऱ्याचजणी जातच नाहीत, हात तसाच घेऊन बसतात.

म्हणून हे लिहितोय. एमएस किंवा डीएनबी ऑर्थो झालेलं आहे, फ्रॅक्चर आणि गुडघे व्यवस्थित करताय, आणि आता खांदा शिकायचाय पण हॉस्पिटल बंद ठेवून वर्षभर फेलोशिपला जाणं शक्य नाही, अशांसाठी. फेलोशिप जमत असेल तर सरळ तीच करा, तिची बरोबरी कशाला नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी पुढचं वाचा.

आधी क्रेडिटचा, म्हणजे कॉन्फरन्सला हजेरी लावून मिळणाऱ्या गुणांचा, विषय संपवून टाकू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला रजिस्ट्रेशन रिन्यू करताना पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. ते गोळा करणं अवघड नाही, असोसिएशनच्या दोन-तीन कॉन्फरन्स केल्या तरी बरंचसं भागतं. ब्रोशरवर कौन्सिलची मान्यता आहे का तेवढं बघा, सर्टिफिकेट आलं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, विषय संपला. पण क्रेडिट मिळालं म्हणजे ऑपरेशन आलं असं नाही हे आपल्या सगळ्यांनाच माहितीये. मी स्वतः बरीच वर्षं मागच्या रांगेत बसून स्लाइडचे फोटो काढले आणि त्यातला एकही फोटो परत उघडून बघितला नाही. फरक कधी पडला, तर जेव्हा स्वतःच्या पेशंटचा प्रश्न खिशात घेऊन जायला लागलो तेव्हा. या आज्जींचा खांदा, हा सीटी, यात बेसप्लेट (वाटीच्या हाडावर स्क्रूनं बसवायची धातूची चकती) कुठं बसवणार? असा एक प्रश्न घेऊन गेलात की दिवसभराच्या लेक्चरमधलं काय आपल्या कामाचं आणि काय नाही ते आपोआप वेगळं होतं. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे, कोर्सच्या मागं केस शोधू नका, केसच्या मागं कोर्स शोधा.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. गेल्या वर्षभरातले खांद्याचे पेशंट काढा, जुन्या फाइल, पीएसीएस (एक्सरे साठवायची कॉम्प्युटर सिस्टिम) नसेल तर एक्सरेचे फोटो, काहीही. त्यांचे तीन ढीग करा. एक, कफ गेलेला आणि संधिवात झालेला. दोन, कफ शाबूत आहे पण सांधा झिजलेला. तीन, म्हाताऱ्या माणसांचे ह्युमरसच्या वरच्या टोकाचे फ्रॅक्चर, तीन-चार तुकड्यांचे. आपल्या भागात तुम्हाला दिसेल की दुसरा ढीग सगळ्यात लहान आहे, निदान माझ्याकडं तरी तसंच निघालं. म्हणजे ॲनाटॉमिक टोटल शोल्डरपेक्षा (बॉल आणि वाटी मूळच्याच जागी) रीव्हर्स (दोन्हींची अदलाबदल) आपल्याला जास्त लागणार, आणि शिकायची सुरुवात कुठून करायची त्याचं उत्तर तिथंच मिळतं.

रीव्हर्स का चालतो हे नीट डोक्यात बसवा, नुसतं बॉल इकडं आणि वाटी तिकडं एवढं पुरत नाही. फ्रान्समध्ये दिजोंच्या पॉल ग्रामोंनी १९८५ च्या सुमारास जी कल्पना आणली तिचा गाभा असा की फिरायचं केंद्र आत आणि खाली घ्यायचं, त्यामुळं डेल्टॉइडला, खांद्यावरच्या मोठ्या स्नायूला, लांब तरफ मिळते आणि कफ नसताना एकटा डेल्टॉइड हात उचलू शकतो. हे कळलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. डेल्टॉइड किंवा त्याची ॲक्सिलरी नर्व्ह गेलेली असेल तर हे ऑपरेशन करायचं नाही, म्हणून ओपीडीतच डेल्टॉइडच्या तिन्ही भागांवर बोटं ठेवून आकुंचन तपासायचं आणि लिहून ठेवायचं. आणि बेसप्लेट वर बसली तर ग्रामोंची सगळी मेहनत वाया, खाली स्कॅप्युलाच्या, पाठीवरच्या पसरट हाडाच्या, मानेवर घासून खाच पडायला लागते.

तिसऱ्या ढिगाबद्दल एक सांगतो. रीव्हर्स शिकून आलं की प्रत्येक म्हातारीच्या फ्रॅक्चरमध्ये तोच दिसायला लागतो, तसं करू नका. २०१५ साली ब्रिटनमधली प्रोफर ट्रायल आली, सर्जिकल नेकचे, म्हणजे ह्युमरसच्या डोक्याखालचे, सरकलेले फ्रॅक्चर, ऑपरेशन विरुद्ध स्लिंग, आणि दोन वर्षांनंतर पेशंटच्या दृष्टीनं लक्षात येण्याजोगा फरक निघाला नाही. त्या ट्रायलमध्ये रीव्हर्सचा प्रश्न नव्हता हे खरं, पण झोळीत हात ठेवूनही बरेच खांदे कामापुरते होतात हे विसरायला नको. ज्यांच्या ह्युमरसचं डोकंच फुटलंय किंवा निखळून बाहेर पडलंय त्यांचा विचार करा, आणि त्यातही ट्युबरॉसिटी, म्हणजे कफ जिथं चिकटतो तो हाडाचा उंचवटा, नीट बांधायला शिका, ती जुळली तर हात बाहेर फिरतो, नाही जुळली तर पेशंट तोंडापर्यंत घास नेताना कोपर वर उचलत बसतो.

आता सीटी वाचायची सवय. खांदा बदलायचा असेल तर साध्या एक्सरेवर जाऊ नका, सीटी पाहिजे आणि थ्रीडी पाहिजे. सांगली-मिरजेत, कराडला, साताऱ्याला सीटी होतो, फक्त रेडिऑलॉजिस्टला आधी फोन करून सांगायचं की पूर्ण स्कॅप्युला येऊ दे, आतल्या कडेपर्यंत. ती कडच नसली तर फ्रीडमनची रेघ (वाटीच्या मध्यापासून त्या कडेपर्यंतची) कुठून मारणार आणि व्हर्जन, म्हणजे वाटीचा पुढं-मागं कल, कसं मोजणार? हे मला पहिल्या दोन सीटी परत करायला लागल्यावर कळलं, पेशंटला उगाच डबल रेडिएशन आणि डबल खर्च. रोज एक जुना सीटी घ्या, वाटीच्या झिजेच्या वॉल्शच्या वर्गीकरणात कुठं बसतो ते ठरवा, ए-वन का बी-टू, मागं किती झिजलाय, बेसप्लेटखाली हाड किती राहणार. कफच्या स्नायूत चरबी किती शिरलीये ते गुटालिएच्या वर्गीकरणाप्रमाणं बघा. महिनाभर असं केलं की डोळा तयार होतो आणि याला एक रुपया लागत नाही.

वाचायला काय? एओ या हाडांच्या सर्जनांच्या संस्थेची सर्जरी रेफरन्स वेबसाइट फुकट आहे, डेल्टोपेक्टोरल ॲप्रोच, म्हणजे खांद्यात समोरून शिरायचा रस्ता, तिथं पायरीपायरीनं चित्रांसह आहे, ती आधी पाठ करा. ऑस्ट्रेलियाच्या जॉइंट रजिस्ट्रीचा वार्षिक रिपोर्ट पण फुकट मिळतो, त्यात खांद्याचा भाग आहे. कुठल्या प्रकारचा कृत्रिम खांदा कशामुळं परत उघडावा लागला ते त्यात कोरडेपणानं लिहिलेलं असतं, इम्प्लांटवाल्यांच्या ब्रोशरआधी ते वाचलेलं बरं. व्हिडिओ बघताना मात्र एक काळजी घ्या, दहा मिनिटांच्या व्हिडिओत ग्लेनॉइड, म्हणजे खांद्याच्या वाटीचं हाड, एकदम समोर येतो, तो समोर यायच्या आधीची पंचवीस मिनिटं कापलेली असतात, आणि आपल्याला शिकायचंय ते नेमकं त्या पंचवीस मिनिटांत.

इथं जरा थांबतो, कारण या ऑपरेशनमध्ये अवघड एकच गोष्ट आहे, ग्लेनॉइडपर्यंत पोचणं. ह्युमरस कापणं, स्टेम बसवणं हे हिप केलेल्या माणसाला जड जात नाही. ग्लेनॉइड खोल विहिरीच्या तळाशी असतो, आणि तो दिसत नाही तेव्हा आपण रिट्रॅक्टर जास्त जोरात ओढायला लागतो, तीच चूक. तो दिसत नाही कारण आधीची कुठली तरी पायरी अर्धवट राहिलीये. ह्युमरसचं डोकं कमी कापलंय का, खालचे ऑस्टिओफाइट (हाडाचे वाढलेले काटे) राहिलेत का, पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू चारी बाजूंनी मोकळा केलाय का, वाटीच्या कडेचा लॅब्रम काढलाय का, ॲनेस्थेटिस्टनं रिलॅक्सेशन दिलंय का, हात थोडा बाहेर आणि एक्सटर्नल रोटेशनमध्ये आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचा कॅप्सूल, म्हणजे सांध्याचं आवरण, सोडलाय का. माझ्या पहिल्या रीव्हर्समध्ये मी तो सोडलाच नाही, ॲक्सिलरी नर्व्हच्या भीतीनं. ग्लेनॉइडचा वरचा निम्मा भाग दिसला, त्यालाच अख्खा समजून मधली पिन घातली आणि बेसप्लेट वर बसली. टेबलावर सगळं छान वाटलं, हात हलत होता. दोन वर्षांनी एक्सरेत खाली खाच दिसली. मावशींना दुखत नाही, हात डोक्यापर्यंत जातो, पण दरवर्षी त्यांचा एक्सरे बघताना माझं लक्ष आधी त्या कोपऱ्यात जातं. बेसप्लेटची खालची कड ग्लेनॉइडच्या खालच्या कडेशी जुळली पाहिजे आणि वरच्या बाजूला तोंड करून तर अजिबात बसायला नको.

नर्व्हची भीती जायला एकच औषध, ती बोटानं ओळखता आली पाहिजे. एका हाताचं बोट कंजॉइंट टेंडनच्या आतून सबस्कॅप्युलॅरिसवरनं खाली सरकवायचं, खालच्या कडेशी आडवी दोरीसारखी लागते. दुसऱ्या हाताचं बोट डेल्टॉइडच्या खाली बाहेरच्या बाजूला. एकीकडं हलकेच ताणलं की दुसऱ्या बोटाला ओढ जाणवते, टग टेस्ट म्हणतात ती हीच. पुस्तकात वाचून हे येत नाही. त्यासाठी कॅडॅव्हर, म्हणजे मृतदेहावरचा सराव.

आणि कॅडॅव्हरसाठी प्रत्येक वेळी मोठ्या शहरातच पळायला पाहिजे असं नाही. मिरजेला, सांगलीला, कराडला मेडिकल कॉलेज आहेत, म्हणजे ॲनाटॉमी डिपार्टमेंट आहेत. हेड ऑफ डिपार्टमेंटना रीतसर अर्ज करा, दोन-तीन ऑर्थोवाले मिळून जा, विद्यार्थ्यांचं डिसेक्शन संपल्यावरची वेळ मागा, शक्य असेल तर तिथल्या रेसिडेंटना पण बरोबर घ्या म्हणजे त्यांचाही फायदा. फॉर्मलीनमधला खांदा कडक असतो, फिरत नाही, त्यामुळं ग्लेनॉइड एक्सपोजरचा सराव तिथं नीट होणार नाही हे लक्षात ठेवा. पण सिफॅलिक व्हेन, कोरॅकॉइड, कंजॉइंट टेंडनमध्ये शिरणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, ॲक्सिलरी नर्व्हचा अख्खा रस्ता, हे सगळं दिसतं आणि बोटाला कळतं. कुणीतरी देहदान केलंय म्हणून आपल्याला हे मिळतंय, आत जाताना आणि बाहेर येताना हात जोडा, फोटो काढू नका.

एक्सपोजरसाठी मग फ्रेश फ्रोझन किंवा सॉफ्ट एम्बामिंगवाला कॅडॅव्हर कोर्स करायचा, आणि तो निवडताना फॅकल्टीची नावं बघून भुलू नका. फोन करून विचारा, एका खांद्यावर किती जण? मी एकदा एका कोर्सला गेलो, कुठला ते राहू दे, टेबलाभोवती आम्ही आठ जण, दिवसभरात माझ्या हातात रिट्रॅक्टर आला आणि शेवटी एक स्क्रू. फी भरून रिट्रॅक्टर धरायचा असेल तर आपल्या जवळच्या सीनियरकडं फुकट धरता येतो. दोन, फार तर तीन जण एका खांद्याला असतील तरच पैसे भरा. दुसरं, कंपनीचा कोर्स असेल तर तो त्यांच्याच सिस्टिमवर असणार हे उघड आहे, त्यात काही वावगं नाही, पण फॅकल्टीला चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारा की सर, या सिस्टिममध्ये तुम्हाला त्रास कुठं झाला. चांगला माणूस खरं सांगतो. आणि आपल्याकडच्या बायकांचे ग्लेनॉइड लहान असतात, लहान बेसप्लेट सेटमध्ये येते का आणि सर्वात छोटा मध्य-स्क्रू किती लांबीचा ते तिथंच विचारून घ्या.

कॉन्फरन्समध्ये शोल्डर अँड एल्बो सोसायटी ऑफ इंडियाचे कार्यक्रम खांद्यासाठी सगळ्यात कामाचे. मुंबईची वायरॉक आणि महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशनची वार्षिक कॉन्फरन्स आपल्याला जवळ आहेत, पण तिथं खांद्याचा हॉल वेगळा असेल तर त्याच हॉलमध्ये दिवसभर बसायचं, इकडून तिकडं फिरायचं नाही. कॉम्प्लिकेशनचं सेशन चुकवू नका. आपली केस पेन ड्राइव्हवर, पेशंटचं नाव काढून, न्यायची, आणि सेशन संपल्यावर एका माणसाला दाखवायची. मी असं दाखवलेल्या केसवर एका सरांनी जेवणाच्या ताटासोबत उभ्याउभ्या पेपर नॅपकिनवर पिनची जागा काढून दिली होती, तो नॅपकिन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

कोर्सनंतर ऑब्झर्व्हरशिप. इथं लोक एक महिना जायचं म्हणून ठरवतात आणि मग कधीच जात नाहीत. त्यापेक्षा पुण्यातल्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या खांदा करणाऱ्या सीनियरशी बोलून ठेवा की केस लागली की आदल्या दिवशी फक्त मेसेज करा. पहाटे साडेचारला सांगलीहून निघालं की नऊच्या केसला पुण्यात पोचता येतं, साताऱ्याहून तर आणखी सोपं, खंबाटकीत ट्रक आडवा नसला म्हणजे झालं. अशा सहा-सात केस सहा महिन्यांत होतात. तिथं सर्जनच्या हातापेक्षा आसपास काय चाललंय ते जास्त बघा, टेबल किती अंशात, डोकं कशानं बांधलंय, सी-आर्म कुठल्या बाजूनं येतोय, सिस्टरनी ट्रॉली कशी लावलीये. सेट उघडल्यापासून टाके संपेपर्यंतच्या वेळा वहीत लिहा. परत आल्यावर त्याच आठवड्यात सॉ-बोनवर (प्लॅस्टिकच्या हाडावर) तेवढीच पायरी करून बघा. मी क्लिनिकच्या मागच्या खोलीत एक प्लॅस्टिकचा स्कॅप्युला व्हाइसमध्ये आवळून ठेवला होता, त्याच्यावर टॉवेल टाकून फक्त तीन इंचाची फट ठेवायची आणि त्या फटीतून पिन मारायची, मग टॉवेल काढून किती चुकलं ते बघायचं. पहिल्या दहापैकी आठ वर गेल्या होत्या.

आता जे कुठल्याच कोर्समध्ये पुरेसं सांगत नाहीत ते. खांदा एकट्या सर्जननं शिकून भागत नाही, अख्ख्या ओटीला शिकवावा लागतो. तुमच्या ॲनेस्थेटिस्टना बरोबर घेऊन एकदा तरी केस बघायला न्या. बीच चेअरमध्ये, म्हणजे पेशंट टेकून बसलेला असताना, बीपीचा कफ दंडाला किंवा पायाला असतो आणि मेंदू त्याच्या कितीतरी वर, दर सेंटिमीटर उंचीला साधारण पाऊण मिलिमीटर पारा कमी धरायचा, म्हणजे वीस सेंटिमीटरला पंधरा गेला. पायाला कफ असेल तर तफावत आणखी मोठी. मॉनिटरवर नव्वद दिसतंय म्हणून निर्धास्त राहिलो तर म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूला रक्त कमी पडतं. इंटरस्केलीन ब्लॉकचं, मानेत देतात त्या भुलीचं, पण तसंच, नेहमीच्या डोसला त्या बाजूचा श्वासपटल काही तास जवळजवळ नक्कीच सुस्त होतो. एरवी कळत नाही, पण आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या आज्जींची फुप्फुसं आधीच अर्धी असतात, त्यांच्याबद्दल आदल्या दिवशी बोलून ठरवायचं.

इन्फेक्शनचा जंतू खांद्यात वेगळा आहे, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. काखेत, छातीवर, केसाच्या मुळात राहतो, हळू वाढतो, पू नाही, ताप नाही, सीआरपी नॉर्मल, नुसता खांदा दुखत आणि आखडत राहतो. १८९३ साली पॅरिसमध्ये पियाननं बसवलेला पहिला कृत्रिम खांदा पण शेवटी इन्फेक्शनमुळंच काढावा लागला होता, तेव्हा हे दुखणं जुनंच. ऑपरेशनच्या आधी काही दिवस पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल खांद्याला आणि काखेला लावायला सांगा, मेडिकलमध्ये मुरुमांसाठी मिळतं तेच. आणि कधी सॅम्पल पाठवायची वेळ आली तर लॅबला स्वतः फोन करून सांगा की कल्चर चौदा दिवस ठेवा, नाहीतर तीन-चार दिवसांत "नो ग्रोथ" लिहून प्लेट टाकून देतात.

फिजिओथेरपिस्टला पण आधीच भेटा. रीव्हर्स निसटतो तो हात मागं आणि आत घेऊन जोर लावला की. आपल्याकडच्या बायका जमिनीवरून उठताना हात मागं टेकूनच उठतात, खुर्चीतून उठताना पण तसंच. म्हणून पहिले तीन महिने त्या हातावर जोर देऊन उठायचं नाही हे ऑपरेशनच्या आधी घरच्यांसमोर करून दाखवायचं, सुनेला, नातवाला. कागदावर छापून देऊन हे होत नाही.

पहिली केस सीनियरला बोलावूनच करा, त्यात कमीपणा नाही. पेशंटला सरळ सांगा की बाहेरून सर येणार आहेत, आम्ही दोघं मिळून करणार, मी हे ऑपरेशन नव्यानं सुरू करतोय. मी सांगितलं तेव्हा एक आज्जी म्हणाल्या, "दोघं असला तर मग बरंच की." पहिल्या पाच केस सोप्या निवडा, बारीक अंगाचा पेशंट, ग्लेनॉइड न झिजलेला, आधी ऑपरेशन न झालेला. बी-टू ग्लेनॉइड, जुनं प्लेटिंग फेल झालेलं, हे बिनधास्त रेफर करा. इम्प्लांटचा सेट आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हातात पाहिजे, सकाळी येतो म्हणणाऱ्यावर विसंबून पेशंट उपाशी ठेवू नका, आणि आल्यावर कंपनीच्या रेपला बसवून ट्रे उघडून एकएक साइज मोजा, सिमेंट, केबल आणि फ्रॅक्चर स्टेम राखीव आहे का बघा.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक खांद्याला एक पान. ऑपरेशनच्या आधी हात किती वर, बाहेर किती फिरतो, मागं कुठल्या मणक्यापर्यंत, कॉन्स्टंट स्कोअर, म्हणजे खांद्याच्या कामाचे मार्क, शंभरपैकी किती. मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. एक्सरे खरा एपी, म्हणजे समोरून, ग्लेनॉइडच्या रेषेत, नाहीतर खाच दिसतच नाही. आपले पेशंट बरं वाटलं की येत नाहीत, त्यामुळं फोन करावा लागतो, आणि फोन कधी करायचा ते पण शिकावं लागतं. द्राक्षाच्या छाटणीत आणि ऊसतोड सुरू असताना कुणी येत नाही. बाजाराच्या दिवशी बोलवा, भाजी आणायला तालुक्याला यायचंच असतं, एक्सरे फुकट काढून देतो म्हणा. तासगावच्या त्या आज्जी दर गुरुवारी बाजाराला येतात, परवा ओपीडीत येऊन खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी उजव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. वहीत मी त्यांच्या पानावर अंश लिहिलेच, पण त्याच्याखाली ते पण लिहून ठेवलं.